चार जोड्या आणि मी

वडील गेले त्या वर्षी मला चव्वेचाळिसावं लागलं होतं. आई त्याआधीच गेलेली, भावाचं लग्न होऊन पंधरा वर्षं झालेली, आणि माझं व्हायचं राहून गेलेलं. त्याला एकच असं कारण नाही. आधी नोकरीमागे चार वर्षं गेली, मग वडिलांचं अंग लुळं पडलं, मग आलेली स्थळं बिजवरांची असायची, आणि पुढे स्थळं यायचीच थांबली. मुरबाडच्या पोस्टात मी काउंटरला बसायचे. म्हशाच्या रस्त्यावरच्या आमच्या गावातून एसटीनं ये-जा करायचे. घर भावाचं, मागची पडवी माझी. तिथंच वडिलांची खाट होती आणि माझा स्टोव्ह. वडील गेल्यावर खाट उचलली, पण स्टोव्हवर एकटीपुरता भात शिजवायचा अंदाज मला बरेच दिवस येईना. रोज उरायचा. सकाळी भावजयीच्या कोंबड्यांना घालायचे.

त्याच दिवाळीत ऑफिसात एलटीसीचा, म्हणजे सरकारी प्रवास-सवलतीचा, विषय निघाला. चार वर्षांचा ब्लॉक संपत आला होता, आणि माझी सवलत दर खेपेला तशीच वाया जायची, कारण वडिलांना सोडून जाणार कुठे? शहापूरच्या ऑफिसातले एक सीनियर, ज्यांना आम्ही सगळे साहेबच म्हणायचो, त्यांनी अंदमानचा बेत काढला. कल्याण, शहापूर, मुरबाड मिळून साहेबांसह चार जण तयार झाले, बायकांसकट. म्हणजे आठ. साहेब आमच्या काउंटरशी येऊन म्हणाले, "ताई, तुमी पण चला. आता घरात कोण आहे अडवायला?"

ते वाईट मनानं म्हणाले नव्हते. मी फॉर्म भरला.

भाऊ म्हणाला, "एकटी कशाला जातेस गो एवढ्या लांब? पाण्यातनं?"

"एकटी नाय. नऊ जण आहोत," मी म्हणाले.

तेव्हा मद्रासचं नाव नुकतंच बदललं होतं. तिथवर आगगाडी, आणि पुढं तीन दिवस बोट. साहेबांनी जोड्यांसाठी केबिनी घेतल्या होत्या. केबिनीत दोन दोनच माणसं, म्हणून मला खाली बंकमध्ये जागा मिळाली, एकावर एक फळ्यांसारखी झोपायची सोय. माझ्या आजूबाजूला तमिळ आणि बंगाली बायका होत्या. कुणाची बाळं रडत होती, कुणी उलट्या करत होतं. मला बोट लागली नाही, याचं मलाच नवल वाटलं. मी वर डेकवर जाऊन उभी राहायचे. चारी बाजूंना नुसतं पाणी. आमच्याकडे मोठं पाणी म्हणजे तानशाचा तलाव. त्याला पलीकडचा काठ आहे, काठावर झाडं आहेत. इथं नजर टेकवायला काहीच नव्हतं. संध्याकाळी चारही जोड्या वर यायच्या. जो तो आपापल्या माणसाच्या शेजारी कठड्याला टेकायचा. मी मधेच कुठेतरी असायचे. गप्पा व्हायच्या, चिवडा निघायचा, मला आग्रहानं द्यायचे. तरी माझ्या दोन्ही खांद्यांना वारा लागायचा.

पोर्ट ब्लेअरला पोहोचलो. तुरुंग बघितला. त्या अरुंद कोठड्यांत एकेक जण आत जाऊन आला. दुसऱ्या दिवशी रॉस बेटावर गेलो. तिथं इंग्रजांच्या बंगल्यांच्या भिंती झाडांच्या मुळांनी इतक्या वेढल्या होत्या की भिंतीनं झाड धरलंय की झाडानं भिंत, ते कळत नव्हतं. हरणं माणसांना न घाबरता फिरत होती. साहेबांकडे कॅमेरा होता. "ताई, एक काढा ना आमचा," असं पहिल्यांदा साहेबांच्या मिसेस म्हणाल्या, मग बाकीच्यांचं सुरू झालं. पायऱ्यांवर एक जोडी, हरणाजवळ दुसरी, समुद्राकडे पाठ करून तिसरी. बटण दाबायला माझा हात चांगला स्थिर आहे असं सगळ्यांचं मत पडलं. मी मन लावून काढले. महिन्याभरानं मुरबाडला पाकीट आलं तेव्हा सगळे फोटो स्पष्ट आले होते. माझा एकही नव्हता. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. माझ्याही तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

खाण्याचं म्हणाल तर आमच्या लोकांनी पहिल्याच दिवशी चपाती-भाजी मिळणारं हॉटेल शोधून काढलं आणि तेच धरून बसले. सोबत लोणचं, शेंगदाण्याची चटणी, लाडू होतेच. बाजारातल्या खाणावळींवरून जाताना मोहरीच्या तेलाचा वास यायचा. बायका पदर नाकाला लावायच्या. मला तो वास आवडला असं नाही, पण त्यात काय शिजतंय हे बघावंसं वाटायचं. आमच्याकडे समुद्राचा मासा म्हणजे बाजारातून आणलेली सुकट नि बोंबील. ताजा मासा ओढ्याचा, नाहीतर तलावाचा. इथं बाजारात माझ्या हातापेक्षा लांब, लाल, निळसर मासे मांडून ठेवले होते, आणि आम्ही रोज बटाट्याची भाजी खात होतो. मी एकदा म्हणाले, "आज इथलं काहीतरी खाऊन बघूया का?" साहेब हसले. "ताई, पोट बिघडलं तर बघणार कोण?" मी वेगळी कुठे जाऊन बसले असते तर सगळ्यांनी वळून बघितलं असतं.

चौथ्या दिवशी नील बेटावर जायचं ठरलं. सकाळची सरकारी बोट नेते, दुपारची परत आणते. दोन-अडीच तासांचा रस्ता. बेट सपाट आणि हिरवं होतं. धक्क्यापासून थोडं पुढे गेलं की भाताची खाचरं लागत होती. मी चालता चालता थांबलेच. मला वाटलं होतं बेट म्हणजे वाळू आणि नारळ. इथं बांध होते, बांधावर शेणाच्या पाट्या ठेवलेल्या, आणि कापणीला आलेलं भात. आमच्याकडे तोवर खळी उठली होती. इथं अजून उभं होतं.

धक्क्याजवळच्या किनाऱ्यावर काचेच्या तळाच्या होड्या होत्या. त्यातून पाण्याखालचं प्रवाळ दिसतं. होडीवाल्यानं आठ बोटं दाखवली. आठच बसतील.

क्षणभर सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मग मीच म्हणाले, "तुम्ही जाऊन या. मी तोवर गावात फिरते."

"नंतरच्या फेरीला तुम्हाला बसवू," साहेब म्हणाले. "आणि बोट साडेचारची आहे. चारला धक्क्यावर या म्हणजे झालं."

होडी निघाली. साहेबांच्या मिसेसनं हात हलवला. मीही हलवला, आणि गावाच्या रस्त्याला लागले.

बाजार म्हणजे दहा-बारा दुकानं. त्याच्या शेवटाला एक पत्र्याचं छप्पर, खाली दोन बाकडी, मागे चूल. चुलीपाशी माझ्याच वयाची, कदाचित थोडी मोठी, बारीक बाई बसली होती. पांढरी साडी, हातांत बांगड्या नाहीत. मी उगाच रेंगाळतेय हे बघून तिनं मोडक्या हिंदीत विचारलं, "खाना खायेगा दीदी?"

"क्या है?"

"भात है, डाल है, मछली है. कचू है."

मी बसले. तिनं केळीच्या पानावर भात वाढला, जाडसर, वाफाळता. पातळ मसुराची डाळ. माशाचा तुकडा पिवळ्या रश्श्यात, वाटलेल्या मोहरीचा. पहिल्या घासाला नाकातून कळ गेली आणि डोळ्यांत पाणी आलं. ती हसली. दुसऱ्या घासाला चव कळली. मासा गोडसर होता, मोहरी तिखट, आणि मधे कुठेतरी हिरवी मिरची. मग तिनं ती कचू वाढली. ते अळूचं देठ होतं, खोबऱ्यात शिजवलेलं.

मी विचारलं, "इससे गला नहीं खुजाता?"

तिचा चेहरा एकदम बदलला. गिऱ्हाइकाशी बोलतानाचा गेला आणि दुसराच आला. "तुम जानता है? इमली डालना पड़ता है. नहीं तो बहुत काटता है."

मी तिला आमच्या शेवळांच्या रानभाजीची गोष्ट सांगितली. पावसाच्या तोंडाला आमच्या रानात ती उगवतात, आणि काकडांची आंबट फळं घातली नाहीत तर खाजेनं माणूस हैराण होतो. निम्मं हिंदीत, निम्मं हातांनी. तिला किती कळलं माहीत नाही, पण ती घसा खाजवायची नक्कल करून खो-खो हसली. त्या सबंध सहलीत माझ्या बोलण्यावर कुणी एवढं हसलं नव्हतं.

तिनं विचारलं, "अकेला आया?"

"नहीं. सब लोग हैं. बोट में गये हैं."

"और तुम?"

"उसमें आठ ही बैठते हैं."

तिनं पानावर आणखी भात वाढला.

जेवण झाल्यावर तिनं हॉटेल बंद केलं, म्हणजे चुलीवर फळी ठेवली. तिच्या घरामागे झोडणी चालली होती. दोन मजूर भाताचे भारे आणून टाकत होते, ती नि एक शेजारीण झोडत होत्या. मला बघत उभं राहवेना. चपला काढून, पदर खोचून मी हातात पेंढी घेतली. कितीतरी वर्षांनी. नोकरी लागल्यापासून मी खळ्यावर उभी राहिले नव्हते. तिनं आधी नको नको केलं, मग माझा हात बघून जागा करून दिली. दाणे फळीवर आपटून उडत होते, अंगाला तूस चिकटत होतं, आणि मी कुणाशीही न बोलता दोन तास काम केलं. वेळेकडे लक्ष होतं माझं. तीन वाजायला आले होते. चारला धक्क्यावर पोहोचायचं होतं.

तेवढ्यात भोंगा वाजला.

शेजारीण म्हणाली, "जहाज." हॉटेलवाली हातातली पेंढी टाकून माझ्याकडे बघायला लागली. समुद्र खवळायची चिन्हं होती म्हणून बोट लवकर सोडत होते, हे मला नंतर कळलं. मी तशीच धावले. बांधावरून, मग रस्त्यावरून, अनवाणी. रस्ता मला वाटला होता त्यापेक्षा लांब होता. धक्क्यावर पोहोचले तेव्हा बोट सुटून बरीच पुढे गेली होती. मी हात वर करून ओरडले. डेकवर माणसं दिसत होती, रंगीत साड्या दिसत होत्या. कुणीतरी मागे वळून बघेल, कुणीतरी धावत जाऊन सांगेल, असं मला खरंच वाटत होतं. मी त्या रंगांकडे बघत राहिले. त्यातलं कुणी कठड्याशी आलं नाही. बोट लहान होत गेली.

धक्क्यावरच्या माणसानं दोर गुंडाळता गुंडाळता सांगितलं, "गया. अब कल सुबह."

मला आधी भीती वाटली नाही, रागही आला नाही. लाज वाटली. भर बाजारात पदर सुटावा तशी. आता हे कुणाला सांगायचं, काय म्हणून सांगायचं? माझी माणसं मला विसरून गेली, हे परक्या माणसाला सांगायला तोंड उघडेना.

थोड्या वेळानं ती मागून आली. तिच्या एका हातात माझ्या चपला होत्या. त्या तिनं माझ्या पायांपुढे ठेवल्या आणि म्हणाली, "चलो."

पोलीस चौकीत वायरलेस होता. तिथल्या शिपायाला तिनंच सगळं सांगितलं, मी नुसतं पोर्ट ब्लेअरच्या आमच्या हॉटेलचं नाव सांगितलं. निरोप गेला. मग आम्ही तिच्या घरी आलो. पाच वाजले नाहीत तोच सूर्य गेला. तिकडे दिवस लवकर मावळतो, घड्याळ मात्र आपलंच. मुरबाडला या वेळी मी अजून काउंटर बंद करत असते, असं मनात आलं.

तिनं कंदील लावला आणि मुगाची खिचडी टाकली. बोलता बोलता तिनं तिचं सांगितलं. आठ वर्षांची असताना ती बापाबरोबर जहाजानं इथं आली. त्यांचा गाव फाळणीत सरहद्दीपलीकडे गेला होता. आई छावणीतच वारली. सरकारनं जंगल दिलं, ते तोडून बापानं शेत केलं. इथंच लग्न झालं. नवरा तापानं गेला. दोन मुलं पोर्ट ब्लेअरला, मुलगी लांब उत्तरेला दिलेली. मी विचारलं, मग हॉटेल कशाला चालवतेस, शेत आहे की.

ती चुलीकडे बघत म्हणाली, "अकेला के लिए चूल्हा जलाने का मन नहीं करता. कोई सामने बैठ के खाता है तो हम भी खा लेता है."

आम्ही दोघी समोरासमोर बसून जेवलो. जेवण झाल्यावर बोलणं संपलं. दोघींच्या भाषेत सामाईक असलेले शब्द वापरून झाले होते. ती सुपारी कातरत बसली, मी दाराशी बसले. बाहेर माडांच्या झावळ्यांचा आवाज येत होता. तिच्या घरात मला परकं वाटत नव्हतं, पण आपलं घर कुठे असंही मला त्या वेळी सांगता आलं नसतं.

सकाळी पाचलाच उजाडलं. तिनं खोबऱ्याचे गूळ घातलेले लाडू कागदात बांधून दिले. मजूर आले होते, म्हणून ती धक्क्यावर आली नाही. मी तिचा पत्ता लिहून घेतला आणि म्हणाले, "मैं फिर आऊँगी."

ती म्हणाली, "नहीं आयेगा दीदी. बहुत दूर है." आणि हसून माझ्या पाठीवर हात फिरवला.

पोर्ट ब्लेअरच्या धक्क्यावर साहेब उभे होते, रात्रभर न झोपलेले. मला बघताच त्यांचा आवाज चढला. "ताई, सांगायला नको का कुठे जाताय ते? आमची काय अवस्था झाली माहितीये?"

त्यांच्या मिसेसनं त्यांचा दंड धरला. ती बाई साधी होती, खोटं बोलणं तिला जमत नसे. ती रडतच म्हणाली, "ताई, चूक आमची आहे. बोट सुटायची घाई झाली, तर आमी जोड्या मोजल्या. चार झाल्या. चला म्हणालो. जेवायला बसल्यावर एक ताट उरलं, तेव्हा कळलं. तुमचा निरोप त्याच्यानंतर आला."

मी म्हणाले, "मोजलं बरोबरच तुम्ही. चारच आहेत."

मला टोमणा मारायचा नव्हता. खरंच तेच मनात आलं होतं. पण साहेबांनी मान खाली घातली, आणि ती बाई आणखीच रडायला लागली. शेवटी मलाच तिला समजवावं लागलं.

उरलेले दोन दिवस मी दुपारी बाजारातल्या खाणावळीत एकटी जाऊन जेवले. कुणी काही म्हणालं नाही. एकदा खेकडा खाल्ला, एकदा माशाचं डोकं घातलेली डाळ. शेजारच्या बाकावर बंदरातले हमाल जेवत असत. वाढणाऱ्यानं दुसऱ्या दिवशी न विचारता मोहरीचा रस्सा जास्त वाढला. जेवण चांगलं होतं. पण "हे बघ कसं झालंय" असं म्हणायला कुणी नसलं की चव निम्मी पोटात जाते आणि निम्मी हवेत, हे मला तिथं कळलं.

परतीच्या बोटीवर मात्र सगळे माझी फार काळजी घेत होते. बायका पाळीपाळीनं माझ्याशेजारी येऊन बसायच्या. "ताई कुठायत? ताई आहेत ना?" असं दर तासाला चालायचं. साहेब प्रत्येक ठिकाणी मोठ्यानं एक ते नऊ मोजायचे आणि नऊ म्हणताना माझ्याकडे बोट करायचे. सगळे हसायचे. मीही हसायचे. जातानाच्या प्रवासात मला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

कल्याणला उतरून एसटीनं घरी आले. भाच्यांना शंख-शिंपले दिले. भावानं विचारलं, "मग? कसं होतं?" मी समुद्र सांगितला, तुरुंग सांगितला, हरणं सांगितली. बेटावर मागे राहिले ते सांगितलं नाही. भावजय भांडी घासता घासता म्हणाली, "वन्सं, एकट्या कंटाळल्या नाय ना?"

"नाय गो," मी म्हणाले.

पुढच्या रविवारी मी परसातलं अळू काढलं, मोहरी वाटली, चिंच घातली, खोबरं घातलं. भावजयीला बोलावून वाढलं. तिनं दोन घास खाल्ले आणि डोळे पुसत म्हणाली, "काय गो ह्ये, नाकात जातंय." पण पान टाकलं नाही. त्यानंतर रविवारचा भात आम्ही दोघी माझ्या पडवीत खाऊ लागलो. दर रविवारी नाही, जमेल तेव्हा.

नीलच्या बाईला मी हिंदीत पत्र टाकलं. तिला वाचता येत नव्हतं, कुणीतरी वाचून दाखवील म्हणून अक्षर मोठं काढलं. तीन महिने काही आलं नाही. मग एक आंतर्देशीय पत्र आलं, दुसऱ्याच कुणाच्या हातचं. माझ्याच काउंटरवर, सॉर्टिंगच्या वेळी, मीच ते गठ्ठ्यातून उचललं. लिहिलं होतं, की भात चांगलं झालं. मोठ्या मुलाला बाळ झालं, म्हणून तो तिला पोर्ट ब्लेअरला घेऊन गेला आहे. हॉटेल बंद केलं. आता पाच माणसांचा स्वयंपाक करावा लागतो, दिवसभर उसंत मिळत नाही.

मला आनंद झाला. खराच झाला. आणि त्याच्या मागोमाग वाटलं, एकटीपुरती चूल पेटवणारी आता मीच तेवढी उरले. समोर एक म्हातारा रजिस्टर पत्र घेऊन उभा होता. मी आंतर्देशीय घडी करून पर्समध्ये ठेवलं, त्याच्या पाकिटावर शिक्का मारला आणि पावती फाडून त्याच्या हातात दिली.